सालावर साल

१९४२ च्या अमेरिकन डाइमवर हात चालवणारा बनावटखोर सगळं कसब शेवटच्या आकड्यावर खर्च करतो. २ च्या डाव्या अंगाला १ चा उभा कडा दिसला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात असतं. तो कडा तो टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत बेमालूम उभा करतो आणि शेजारच्या ४ कडे बघतही नाही. जाणकार मात्र नाणं हातात आल्यावर आधी ४ च पाहतो. खऱ्या नाण्यावरचा ४ सुद्धा दुहेरी असतो. त्याच्या डाव्या बाजूला दुसऱ्या ४ ची कड डोकावते. ती नसेल तर २ खालचा १ कितीही देखणा असो, त्याची किंमत शून्य.

डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. तेव्हाचं डाइम अडीच ग्रॅम वजनाचं, नव्वद टक्के चांदीचं आणि आकाराने पावणेदोन सेंटिमीटरच्या जरासं पुढे. अडॉल्फ वाइनमन या शिल्पकाराने त्यावर पंखांची टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवता कोरली. लोकांना ती रोमन देव मर्क्युरी वाटली आणि नाव तेच चिकटलं. १९४२ साली एकट्या फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने अशी वीस कोटींहून जास्त नाणी पाडली. त्यांतल्या अगदी थोड्यांवर १९४२ च्या पोटात १९४१ आहे. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या एका संग्राहकाच्या नजरेला ते पडलं आणि मग लोक खिशातली चिल्लर भिंगाखाली धरू लागले. साधं झिजलेलं १९४२ चं डाइम आज चांदीच्या भावाच्या आसपास जातं. तितकंच झिजलेलं, पण पोटात १ असलेलं डाइम कित्येक शे डॉलरला जातं. संग्राहक या प्रकाराला ओव्हरडेट म्हणतात आणि मधे तिरकी रेघ देऊन १९४२/१ असं लिहितात.

एकाच्या जागेवर दुसरं साल येतं कसं, हे कळायला नाण्यापेक्षा नाण्याच्या ठशाकडे जावं लागतं. ठसा म्हणजे डाय: पोलादाचा दांडा, त्याच्या तोंडावर उलटी, खोलगट आकृती. दोन ठशांमध्ये धातूची कोरी चकती ठेवून दाब दिला की नाणं तयार. पण ठसाही कुणी एकेक हाताने कोरत नाही. त्याच्या आधी एक उठावदार पोलादी नमुना असतो, त्याला हब म्हणतात. हब नरम पोलादावर दाबला की ठसा उमटतो. आता पोलादाचा स्वभाव असा, की गार असताना दाबलं की ते कडक होतं. एका दाबात आकृती पूर्ण उतरत नाही. निम्म्यात पोलाद हट्टाला पेटतं. मग तो अर्धवट ठसा भट्टीत घालायचा, तापवून सावकाश निववायचा, पुन्हा नरम झाला की पुन्हा हबखाली धरायचा. सगळं उतरल्यावरच त्याला पाणी पाजायचं. म्हणजे प्रत्येक ठसा तयार होईपर्यंत निदान दोनदा हबखाली जाई, आणि मधल्या वेळात तो भट्टीकडे फिरून येई.

याच फेरीत घोटाळा होतो. एक जानेवारीला नव्या सालाची नाणी पाडायची तर ठसे आधीच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत करून ठेवावे लागतात. त्या दिवसांत कारखान्यात दोन्ही सालांचे हब एकाच वेळी कामावर असतात. एका ठशाला पहिला दाब १९४१ च्या हबचा मिळाला, तो भट्टीतून परत आला आणि त्याला १९४२ च्या हबखाली सरकवलं गेलं. दुसऱ्या दाबाच्या वेळी हब केसभर सरकलेला. म्हणून १ आणि २ वेगळे दिसले आणि ४ वर ४ बसताना त्याचीही कड सुटली. पोटात दडलेल्या १ चा खरा पुरावा ४ मध्ये असतो तो यामुळे. फक्त शेवटचा आकडा दुहेरी आणि बाकी सगळं स्वच्छ, असं या पद्धतीत सहसा घडायचं नाही.

डेन्व्हरच्या टांकसाळीचंही १९४२/१ डाइम आहे, त्यातला १ जास्त लाजरा आहे. गंमत अशी, की ती चूक डेन्व्हरची नव्हे. त्या काळात अमेरिकेतल्या सगळ्या टांकसाळींचे ठसे फिलाडेल्फियातच होत. तयार ठशावर टांकसाळीचं अक्षर ठोकून तो रवाना केला जाई. डेन्व्हरच्या कामगारांनी आलेला ठसा यंत्राला लावला, एवढाच त्यांचा भाग.

याआधीची मोठी जोडी १९१८ ची. डेन्व्हरच्या पाच सेंटच्या निकेलवर १९१८/७ आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या पाव डॉलरवरही १९१८/७. पुढे १९४३ च्या निकेलवरही ३ खाली २ सापडला. १९१८, १९४२, १९४३: तिन्ही वर्षं महायुद्धातली. काहींना हा योगायोग वाटतो. मला कामाचा रेटा अधिक पटतो. युद्धात चिल्लर जास्त लागते, ठसे भराभर झिजतात, भट्टीपाशी गर्दी होते. अर्थात हा माझा तर्क. त्या कामगाराच्या हातून ते कसं झालं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

१९१८/७ निकेलची कथा थोडी करुण आहे. जेम्स अर्ल फ्रेझरच्या या नाण्यावर एका बाजूला रेड इंडियन पुरुषाचा चेहरा आणि दुसरीकडे गवा. सालाचे आकडे नेमके खांद्याच्या उंच भागावर. चार हातांतून गेलं की आधी साल झिजतं. ओव्हरडेट असल्याचं संग्राहकांच्या ध्यानात आलं तोवर दहाएक वर्षं उलटून गेली होती, आणि त्या वर्षी डेन्व्हरने पाडलेल्या त्र्याऐंशी लाखांवर निकेलपैकी बहुतेकांचे खांदे गुळगुळीत झाले होते. मग लोकांनी आम्लाची युक्ती काढली. आकडा उमटताना त्याखालचा धातू जास्त दाबला गेलेला असतो, त्यामुळे आम्ल त्या जागी वेगळ्या वेगाने खातं आणि पुसलेलं साल धुरकटपणे वर येतं. नाणं विद्रूप होतं, किंमत पार घसरते, तरी १९१८/७ असेल तर त्यालाही गिऱ्हाईक मिळतं.

आणि साल अगदीच वाचता येत नसेल तर? तेव्हा पुन्हा शेजाऱ्याची साक्ष. या ठशाला एक बारीक तडा गेलेला होता. नाण्यावर तो वेणीच्या गाठीपासून जबड्याच्या दिशेने जाणारी उठावदार रेषा होऊन दिसतो. परीक्षक आधी ती रेषा शोधतात, मग सालाकडे येतात.

हबच्या पोटातच साल असण्याची पद्धत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळली. त्याआधीच्या ओव्हरडेटचं कुळ निराळं आहे. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात नाणी पडू लागली तेव्हा प्रत्येक ठशावर सालाचा एकेक आकडा सुट्या पंचाने, हातोडीने ठोकला जाई. चांगलं पोलाद दुर्मीळ, ठसा घडवणं जिकिरीचं. वर्ष सरलं आणि ठसा धड असला तर तो फेकून देण्याचा प्रश्नच नव्हता. जुन्या आकड्यावर नवा ठोकायचा आणि काम चालू. १८०२/१ चा डॉलर, १८०६/५ चा अर्धा डॉलर, १८०७/६ चा सेंट, अशी यादी मोठी होईल. याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ती काटकसर होती, उघडपणे केलेली. जुना आकडा घासून काढायचा प्रयत्नही व्हायचा, पण ठशावर तो खोलगट असतो. खड्डा बुजत नाही, फार तर आजूबाजूचा भाग घासून तो उथळ करता येतो. त्यामुळे जुना आकडा नाण्यावर कमी उंचीचा, नव्याच्या आडून बघणारा असा राहतो. १८१७/४ चा अर्धा डॉलर तर तीन वर्षं मागच्या ठशावरचा. तो ठसा लवकरच तडकला असावा, कारण आज त्याची जेमतेम डझनभर नाणी माहीत आहेत.

इथवर सगळं सरळ आहे. अडचण येते ती डोळ्यांची.

१८५३ च्या पाव डॉलरचं उदाहरण घेऊ. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकी काँग्रेसने कायदा करून छोट्या चांदीच्या नाण्यांचं वजन कमी केलं आणि ओळखीसाठी सालाच्या दोन्ही बाजूंना बाण आले. कायद्याआधीच्या जड वजनाचे, बिनबाणांचे पाव डॉलर फक्त ४४,२०० पडले होते. त्यांच्या सालात काहीतरी दुहेरी होतं. ५३ च्या ३ मध्ये २ दडलाय, असं पिढ्यान्‌पिढ्या संग्राहक म्हणत आले, सूचीतही तसंच छापलं गेलं. पुढे बारकाईने तुलना झाली तेव्हा लक्षात आलं, की तिथे २ नाही. ५३ च थोडं सरकवून दुसऱ्यांदा ठोकलेलं आहे. १८६९ च्या इंडियन हेड सेंटचीही तीच गत. ९ खाली ८ आहे म्हणून तो चढ्या भावाने विकला गेला. आज सूची त्याला ९ वर ९ म्हणते. म्हणजे नाणं तेच, भिंग तेच, पाहणारे लोकही त्या विषयातले. फक्त सगळ्यांना २ आणि ८ दिसायला हवे होते, म्हणून ते दिसले.

याउलट १८८८/७ चा इंडियन हेड सेंट. तो १९७० मध्ये जेम्स रडी या व्यावसायिकाने उजेडात आणला. त्याआधी ब्याऐंशी वर्षं तो लोकांच्या हातांतून आणि संग्रहांतून फिरत होता. तिथे ७ खरोखर आहे; पण ओव्हरडेट शोधायची म्हणून त्या सालाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

मग संशयित नाण्याचा तपास करायचा कसा? आधी उजेड. वरून सरळ पडणारा प्रकाश सगळंच सपाट करतो. दिवा बाजूला, खाली ठेवायचा आणि नाणं हळूहळू फिरवायचं. सावली फिरली की खरा उठाव आपली जागा सोडत नाही. चकाकीने तयार झालेली रेघ मात्र पळते. दहापटीचं भिंग पुरतं. त्याहून मोठं लावलं तर प्रत्येक ओरखड्यात आकडे दिसू लागतात.

मग उठाव की खड्डा, हे पाहायचं. ठशावर ठोकलेलं सगळं नाण्यावर वर येतं, जुना आकडा असो की नवा. आकड्याजवळची रेघ नाण्यात खोल गेलेली असेल तर तो ओरखडा. नाणं पडल्यानंतरचा, कुणाच्या तरी चाव्यांनी वा कर्तबगारीने झालेला.

सर्वांत जास्त फसवते ती यंत्राची थरथर. ठसा यंत्रात सैल बसला असेल तर छाप पडल्यावर सुटताना तो किंचित घसरतो आणि आकड्याची कड बाजूला ढकलतो. दुहेरीपणा दिसतो खरा, पण तो पायरीसारखा चपटा आणि बुटका असतो, आणि मूळ आकडा तेवढाच बारीक होतो, कारण धातू त्याच्याच अंगातून गेलेला असतो. खऱ्या दुहेरी ठशात आकडा जाडावतो आणि टोकांना खाच पडते, दोन कोपरे वेगवेगळे मोजता येतात. आपल्याकडे संग्राहकांच्या मोबाइलवर फिरणाऱ्या ‘दुर्मीळ डबल’ नाण्यांतली बहुसंख्य या थरथरीची लेकरं. विकणाऱ्याला ते ठाऊक नसतं असं नेहमीच म्हणता येणार नाही.

मग ठशाचे टवके. ८, ९, ६ यांच्या वाटोळ्या पोटात ठशाचा जो इवलासा भाग उरतो तो कमकुवत असतो. तिथला तुकडा उडाला की नाण्यावर त्या जागी गाठ येते. १८५८ च्या दुसऱ्या ८ मधली अशी गाठ ७ ची टांग वाटायला वेळ लागत नाही. उपाय एकच: त्याच टांकसाळीचं, त्याच नमुन्याचं आधीच्या सालाचं धड नाणं घ्यायचं, त्याच्या आकड्याचा फोटो तेवढ्याच मापाचा करून पारदर्शक रूपात संशयित आकड्यावर ठेवायचा. ७ ची वरची दांडी, तिचा कोन, टांगेचा बाक, सगळं जुळलं पाहिजे. एक कोपरा जुळला आणि बाकी ‘झिजलं असेल’ असं म्हणावं लागलं, तर ७ नाही.

यातलं काहीही एका नाण्यावर अंतिम ठरत नाही. खूण ठशावर असेल तर त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती यायला हवी, त्याच जागी, त्याच उंचीची. आणि ठसा काही दहा-वीस नाणी पाडून थांबत नाही, हजारोंनी पाडतो. म्हणून मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत टेबलापलीकडचा मालक कापसात गुंडाळलेलं नाणं काढून म्हणतो, ‘साहेब, नीट बघा, आत दुसरं साल आहे,’ तेव्हा त्याला एकच विचारावं: ‘याचं भावंड दाखवता का?’ तो हसतो. भावंड असेल तर नाणं एकमेव राहत नाही आणि भाव उतरतो. नसेल तर ओव्हरडेट सिद्ध होत नाही. या धंद्यात ही कात्री मला फार आवडते.

भारतातल्या जुन्या नाण्यांवर अमेरिकेसारखी ओव्हरडेटची भरगच्च यादी का नाही, याचं एक कारण आपल्या सराफांपाशी आहे. मुघल पद्धतीच्या रुपयावर हिजरी साल असे आणि बादशहाच्या गादीवर येण्यापासून मोजलेलं जुलूस वर्षही. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीचा. जुन्या वर्षाच्या रुपयावर सराफ बट्टा घेत, मग त्यातली चांदी झिजलेली असो वा नसो. सालाचा आकडा म्हणजे शेतकरी आणि शिपायाच्या हातातून पैसे कापण्याचं निमित्त झालं होतं. पेशवाईत तर वेगवेगळ्या गावच्या परवान्याच्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि प्रत्येकाचा बट्टा सराफाच्या जिभेवर.

ईस्ट इंडिया कंपनीने यावर उपाय काढला तो साल गोठवण्याचा. बंगालच्या सिक्का रुपयावर शाह आलमचं १९ वं वर्ष कायमचं थांबलं, फर्रुखाबादी रुपयावर ४५ वं, सुरती घराण्याच्या रुपयावर ४६ वं. बादशहा म्हातारा होत गेला, वारला, पण रुपयावर तो त्याच वर्षात राहिला. १८३५ मध्ये सगळ्या कंपनी मुलखासाठी १८० ग्रेनचा एकच रुपया आला, इंग्रजी अक्षरांचा, चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचा; तरी सवय तीच. त्यावरचं १८३५ साल १८४० पर्यंत तसंच ठेवलं. व्हिक्टोरियाच्या पहिल्या रुपयावरचं १८४० पुढे वीस वर्षांहून अधिक चाललं. राणीच्या राज्याचा रुपया आला त्यावर १८६२, आणि तेही १८७४ पर्यंत हललं नाही. साल बदलायचंच नाही, तर जुन्या आकड्यावर नवा ठोकायचा प्रसंग कुठून येणार?

पण टांकसाळीला स्वतःपुरता हिशेब हवा असतो, कुठल्या वर्षी किती चांदी नाण्यात गेली याचा. मुंबईच्या टांकसाळीने १८६२ च्या रुपयावर बारीक ठिपके द्यायला सुरुवात केली, साल तेच ठेवून. संग्राहक ठिपके मोजून रुपया प्रत्यक्षात कुठल्या वर्षी पडला ते ताडतात, आणि काही संख्यांचे रुपये इतरांहून बरेच महाग विकले जातात. फोर्टमध्ये आज रिझर्व्ह बँकेसमोर उभी असलेली ती टांकसाळ अजून नाणी पाडते. सालाखालचा चौकट आकार ही तिची खूण.

ठिपका हा आकड्याहून वाईट साक्षीदार. ७ ला दांडी असते, कोन असतो, तो ताडून बघता येतो. ठिपक्याला स्वतःचा चेहरा नाही. ठशावर गंजाचा कण बसला, टवका उडाला, तरी नाण्यावर गोल टिपका येतो, आणि दोन ठिपक्यांचा रुपया तीन ठिपक्यांचा होऊन बसतो. इथेही पडताळा तोच: बाकीचे ठिपके ज्या अंतरावर, ज्या उंचीचे आहेत त्या हिशेबात हा बसतो का, आणि तसाच दुसरा रुपया आहे का. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. वेगवेगळ्या काळांची नाणी शेजारी शेजारी पाहायला मिळाली की फोटोवरून बांधलेली बरीच मतं आपसूक गळतात.

१८७४ पासून आपल्या रुपयावर खरं साल येऊ लागलं. त्याबरोबर वर्षाअखेरीची ती कारखान्यातली गर्दीही आली, आणि व्हिक्टोरियाच्या पाव आण्यांपासून पुढच्या सगळ्या नाण्यांच्या शेवटच्या आकड्याकडे बघण्याला अर्थ आला. अमेरिकेत मात्र हा रस्ता आता बंद आहे. १९९० च्या दशकाअखेर तिथे ठसा एकाच दाबात पूर्ण उतरवण्याची यंत्रं आली. ठसा भट्टीकडे फेरी मारत नाही, त्यामुळे परतताना चुकीच्या हबखालीही जात नाही.

वाद मात्र चालू आहेत. १९१४ च्या निकेलवर ४ च्या वरच्या टोकाशी ३ ची सपाट दांडी दिसते, असा दावा १९९० च्या दशकात पुढे आला. खूण एकाच टांकसाळीच्या नाण्यांवर असती तर एखादा ठसा दुहेरी आहे म्हणता आलं असतं; पण ती तिन्ही टांकसाळींच्या नाण्यांवर सांगितली जाते. मग तो दोष ठशाच्याही मागे, हबमध्ये किंवा त्याच्या मूळ नमुन्यात असायला हवा. काही जाणकार ते मानतात, काहींना ती दांडी म्हणजे झिजलेल्या पोलादाची कड वाटते. दोघांकडे उत्तम फोटो आहेत.

आपल्या घरातल्या डब्यात असं काही सापडलं तर नाणं घासू नका, चिंच तर मुळीच लावू नका. जो बारीक उठाव पाहायचा आहे तोच आधी जाईल. पाकिटात घालून वर साल लिहावं. तिरकी रेघ आणि पुढचा आकडा लिहायचाच असेल, तर भावंडं सापडेपर्यंत पेन्सिलीने.